समोरचं पाऊल

लॅटिन नाच शिकायला जाते, हे मी सौंसरात कुणालाच सांगितलं नव्हतं. पन्नाशी उलटलेली विधवा, त्यात शाळेत विज्ञान शिकवणारी. लोकांच्या हाती आयतं कोलीत कशाला द्या? घरी फक्त सासूबाईंना ठाऊक होतं, तेही गुडघ्यांचा व्यायाम म्हणून.

रविवारी दुपारी बसनं पांढुर्ण्याला जायची. संत्र्याच्या एका व्यापाऱ्याच्या दुकानावर लांबट हॉल होता. पुण्याहून गावी परतलेली एक मुलगी तिथं साल्सा शिकवायची. पहिलाच धडा असा, की समोरचा पुढं येतो आणि बाईनं पाऊल मागं घ्यायचं. लग्न झाल्यापासून हेच करत आले, त्यासाठी बसचे धक्के कशाला खायचे, असं मी म्हटलं तर ती खूप हसली.

शिकवण्याची तिची एक तऱ्हा होती. फरशीवर कॅरमची पावडर भुरभुरायची, पंखा बंद करायची आणि अनवाणी नाचायला लावायची. वजन टाचेवर पडतंय की चवड्यावर, ते मग ठशांवरून दाखवायची. मला त्या पावडरीकडे बघवत नसे.

हे गेले तेव्हा रीतीप्रमाणे, जिथं जीव गेला तिथं पीठ पसरलं होतं. शेजारी दिवा ठेवला, पिठावर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलून पाऊल शोधतात. गेलेला माणूस कुठं पोचला ते त्यावरून कळतं म्हणे. आमचं पीठ कोरं निघालं. शुगरमुळे ह्यांच्या उजव्या पायाचा अंगठा कापावा लागला होता. अधुऱ्या पायानं पोरगा वाटेतच अडकला, हे सासूबाईंनी मनाशी पक्कं केलं. तेव्हापासून रोज त्यांच्या ताटात अर्धी भाकर तशीच उरायची. "कुठं फिरून राहिला असन तो," म्हणायच्या. मी विज्ञानाची बाई, त्यांच्यावर चिडायची. आणि अंथरुणाला पाठ टेकली की मीही तेच विचारत पडायची.

त्या रविवारी लग्नाची दाट तिथी होती, वर्गाला मी एकटीच. मुलीनं फरशी पुसून नवी पावडर टाकली, गाणं लावलं.

"काकू, समोर कोणी आहे असं समजा न. हात वर धरा, डोळे मिटा. मी फोनवर बोलून येते," म्हणत ती जिना उतरली.

मी हात धरले. समोर कुणाला समजायचं हा प्रश्नच नव्हता, जरी तो माणूस स्वतःच्या वरातीतसुद्धा नाचला नव्हता. माझ्यापुढची एक फरशी निखळलेली होती. पाय पडला की खट वाजायची. मी पाऊल मागं घेतलं आणि ती वाजली. पुन्हा मागं गेले, पुन्हा खट. मी त्या फरशीवर नव्हते. आपल्याच वजनानं हलत असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली, पण डोळे उघडायची हिंमत झाली नाही. भीती वाटत होती, आणि गाणं संपू नये असंही वाटत होतं.

गाणं संपलं तेव्हा पाहिलं. माझे ठसे फरफटलेले, नवशिकीचे. त्यांच्यासमोर, माझ्याकडे बोटं करून, एक मोठं उजवं पाऊल उमटलेलं. अगदी स्वच्छ. मी खाली बसून बोटं पाहिली. अंगठा होता.

मुलगी वर आली तशी मी विचारलं, कुणी येऊन गेलं का.

"नाही काकू, मी तं जिन्यातच उभी होती."

सासूबाईंना सांगायचं नाही, असं बसमध्ये ठरवलं होतं. पण जेवताना ती ताटातली अर्धी भाकर दिसली आणि सगळं बोलून गेले. नाचाबद्दल त्यांनी अवाक्षर काढलं नाही.

"उजवा पाय?"

"हो."

"अंगठा होता?"

"होता, आई."

मग उरलेली भाकर त्यांनी वरणात कुस्करली आणि सगळी खाल्ली.

"पुरा होऊन गेला माहा लेक," त्या म्हणाल्या. "आता त्याले बलावू नोको, पोरी. जाऊ दे."

मला राग आला. त्यांचं पोरगं सुटलं होतं. मला माझा नवरा आत्ता कुठं भेटला होता. पण त्यांचं रिकामं ताट उचलून मी मोरीत नेलं.

पुढच्या रविवारी तीच पावडर, तेच गाणं. मी डोळे उघडे ठेवले, हात खाली सोडले आणि पाऊल मागं घेतलं. फरशी वाजली नाही. पुन्हा मागं गेले, तरी नाही. समोरची पावडर कोरीच्या कोरी होती.

"काकू, हात काऊन खाली?" मुलगी म्हणाली. "समोर कोणी आहे असं समजा न."

"समोर कोणी नाही," मी म्हटलं. तेवढं म्हणायला मला गाणं संपेपर्यंत वेळ लागला.