अध्यक्षस्थानी अण्णा होते

चहा आधी संपवून घ्या. हा किस्सा सांगताना माझ्या घशाखाली काही उतरत नाही, तुमचं तुम्ही बघा.

आमचं दैनिक श्रीरामपूरचं. तुम्ही ते वाचत नाही, मला माहीत आहे. स्वतःचा फोटो आलाय का, एवढंच बघायला लोक ते उघडतात. तर आमचे संपादक पुण्याला कसल्याशा शिबिराला जाऊन आले आणि त्यांना साक्षात्कार झाला. म्हणे, बातमी कशाची करायची हे यापुढे वाचक ठरवणार. गावोगाव सभा घ्यायच्या, लोकांचं ऐकून घ्यायचं. उपक्रमाचं नाव 'तुम्ही बोला, आम्ही लिहितो'. ज्या माणसानं आजवर बायकोचं एक वाक्य पुरं होऊ दिलं नाही, तो गावांचं ऐकायला निघाला!

पहिली सभा माझ्या गळ्यात पडली. बेलापूरच्या पलीकडचं एक गाव. नाव सांगत नाही, मला अजून त्याच रस्त्यानं जावं लागतं.

त्या गावात अण्णा होते. निवृत्त मास्तर, चर्चजवळच्या गल्लीत राहायचे. गल्लीचा पाण्याचा पाइप गटारातून गेलेला, आणि तिथंच फुटलेला. पोरांची पोटं कायम बिघडलेली. अण्णा मला सारखा फोन करायचे, "बाळ, नळाला गटार येतंय. ग्रामसभा जवळ आलीय, दोन ओळी छाप." मी म्हणायचो, "बघतो अण्णा." बघतोय काय, कपाळ! सरपंचांच्या वाढदिवसाची पानभर जाहिरात आमच्याकडे असते.

मग मी डोकं लढवलं. अण्णांनाच सभेचं अध्यक्ष केलं. अध्यक्ष सगळ्यात शेवटी बोलतो, आणि शेवटपर्यंत कोणी थांबत नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कार्यक्रमाची बातमी आम्ही कार्यक्रमाआधीच लिहून मोकळे होतो. छपाईसाठी पान लवकर लावावं लागतं, आणि कार्यक्रम कुठलाही असो, घडतं तेच. दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, आभार. सभा संध्याकाळी होती, मी जेवण करून दुपारीच बातमी धाडली. 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त प्रतिसाद. अध्यक्षस्थानी अण्णा होते. पाण्याबाबत गाव समाधानी असून सरपंचांचे आभार मानावेत तेवढे थोडेच, असे ते भावुक होऊन म्हणाले.' भावुक हा माझा लाडका शब्द. त्याला पुरावा लागत नाही.

आणि मग वाटलं, सभा तर लिहून झाली. आता उन्हातान्हात जायचं कशाला? फोन बंद केला, पंखा लावला आणि आडवा झालो.

सकाळी संपादकांचा फोन. "बातमी झकास उतरलीय. फोटो कुठाय?"

"आत्ता आणतो," म्हटलं आणि मोटारसायकलला किक मारली.

गावात पोचलो तर चर्चच्या आवारात ही गर्दी. पांढरे कपडे, गंभीर चेहरे. म्हटलं, व्वा, लोकांना चर्चेची चटकच लागली की. लगेच कट्ट्यावर चढलो, मोबाईल धरला आणि ओरडलो, "जरा जवळजवळ या सगळे. आणि हसा की, मयताला आल्यासारखे काय उभे?"

कोणी हसलं नाही. अण्णांना माती देऊन आले होते ते.

अण्णांच्या शेजारी राहणाऱ्या रूथबाई पुढं आल्या. हातात आमचाच पेपर. "अण्णा काल दुपारीच गेले. सभा झालीच न्हाई. मंग सांजच्याला ते समाधानी कसे झाले?"

"वर गेल्यावर झाले असतील," मागून एक म्हातारा बोलला.

गर्दीत सरपंचही होते. त्यांच्या तोंडाला धार आली. "जाणाऱ्या माणसाचा शब्द हाय, तो मोडू नये. पाणी चांगलं हाय आसं खुद्द अण्णा म्हनले, छापून आलंय. आता ग्रामसभेत पाइपचा विषय नको." झालं. अण्णांनी आयुष्यभर केलेली ओरड मी जेवल्यावरच्या एका ढेकरात पुसून टाकली होती.

रूथबाई तडक वळल्या. घरात गेल्या, नळाचं पाणी भरून दोन पेले आणले. एक सरपंचांपुढं धरला, एक माझ्यापुढं.

"आज माझा उपास हाय," सरपंच म्हणाले.

"पान्याचा बी?"

"निर्जळी."

आता अख्खं गाव माझ्याकडं बघायला लागलं. 'मी खोटं लिहिलं', एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण पत्रकाराची जात! दुसऱ्याच्या चुकीला पहिलं पान, आपल्या चुकीला जागाच शिल्लक नसते. डोळे मिटले आणि घटाघटा प्यायलो. चव विचारू नका.

संध्याकाळपर्यंत मी श्रीरामपूरच्या दवाखान्यात सलाइन लावून पडलेलो. संपादक इतके खूश मी कधी पाहिले नव्हते. पहिल्या पानावर माझा फोटो, बाटलीसकट. 'दूषित पाण्याने आमचा प्रतिनिधी अत्यवस्थ.' साहेब लोक जीपा घेऊन गावात धावले, दोन दिवसांत पाइप बदलला, आणि बदलताना सरपंच सगळ्यांत पुढं उभे राहिले.

रूथबाई डब्यात मऊ खिचडी घेऊन भेटायला आल्या. बरोबर नळाच्या नितळ पाण्याची बाटली. मला तेवढ्यातही ऐट सुचली. म्हटलं, "बघा बाई, शेवटी आमच्या पेपरनंच काम केलं ना?"

"केलं की," त्या डबा उघडत म्हणाल्या. "अण्णा बोलून बोलून मेले, कुनी छापलं न्हाई. तुमचं पोट येकदाच बोललं, पहिल्या पानावर आलं. तुमच्या हापिसात खरी बातमी देनारं तेवढं येकच हाय. फुडच्या सभेला त्यालाच धाडा."