उंचावलेली गाडी

आमच्या गाडीचा विमा होता. फक्त आमच्या दारात जी गाडी उभी होती, तिचा नव्हता!

गाडी माझ्या बायकोची, सुनंदाची. साक्री रस्त्यावरच्या शाळेत ती शिकवते. वर्षानुवर्षं एसटीत लोंबकळून तिने पगारातून ती घेतली. बिघडवायला मात्र मी एकटा पुरलो.

सुरुवात झाली पिंपळनेरला, सासुरवाडीत. आमचे सासरे, नाना, मुलीची गाडी रिकामी परत जाऊ देत नाहीत. "जवाईबापू, लोके काय म्हनतीन!" असं म्हणत ते कांद्याच्या गोण्या, तांदूळ आणि एखादा भोपळा (तो माझ्या मांडीवर) भरतात. गाडीचं बूड प्रत्येक स्पीडब्रेकरला घासायचं. शेवटी मी तिथल्याच गॅरेजवाल्या सलीमभाईंकडून मागे पिकअपच्या दणकट स्प्रिंगा बसवून घेतल्या; जुन्या नानांच्या अंगणात टाकल्या.

"भाऊ, अब ट्रक समझके भरो!" सलीमभाई म्हणाले.

भरलेली गाडी झकास चालली. रिकामी मात्र मागून अशी उचललेली, की सपाट रस्त्यावरही आपण घाटच उतरतोय! "ही गाडी आहे की करडू?" सुनंदाने विचारलं. मी म्हटलं, "सवय होईल."

सवय व्हायच्या आत आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, आली. सुनंदाला माहेरी सोडून मी रिकामी गाडी घेऊन धुळ्याला घरी निघालो. (नानांचा नेम मुलगी परतण्याच्या दिवशी भरण्याचा.) एका स्पीडब्रेकरवर गाडीने टुणकन उडी मारली, मी ब्रेकऐवजी भलतंच काही दाबलं, आणि समोरच्या पुलाच्या कठड्याने आम्हाला थांबवलं. मला खरचटलंही नाही. बॉनेटचं मात्र पापडासारखं झालं. गाडी दोराने ओढत घरी आणली.

विमा एजंटने फोनवर पहिलाच प्रश्न विचारला, "गाडीत काही बदल केलाय?"

"किरकोळ. मागच्या स्प्रिंगा."

"आरटीओची मंजुरी? कंपनीला कळवलंय?"

"आता कळवतो की!"

"बारशाच्या दिवशी लग्नपत्रिका वाटता का हो? सर्वेयर उद्या येतोय. क्लेम विसरा!"

सुनंदा पुन्हा एसटीत लोंबकळणार, तेही माझ्यामुळे! मग सुचलं: जुन्या स्प्रिंगा परत बसवून टाकू. नानांना फोन लावला.

"त्या? त्या ते आखाजीना झोकाले लाई दिन्यात!" नाना खुशीत ओरडले. "पोरी बठ्ठा दिन झोका खेळतस. सुनंदा ते बठ्ठास्मा उंच जाई ऱ्हायनी!"

म्हणजे मी जिची गाडी ठोकली ती बाई, त्याच गाडीच्या स्प्रिंगांवर, आनंदाने गाणी म्हणत झोके घेत होती. आखाजीच्या दिवशी माहेरवाशिणीचा झोका सोडवायला कोण सांगणार? मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी जळगावहून सर्वेयर आले. सज्जन माणूस! त्यांनी पुढून फोटो काढले, बॉनेट पाहिलं, मागे फिरकलेसुद्धा नाहीत. चहा घेतला, चप्पल घातली. मी मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला. तेवढ्यात फाटकाशी थबकून ते सहज म्हणाले, "गाडी मागून छान उंच आहे हो तुमची! माझी तर खड्ड्यांत रोज घासते."

त्यांचा सूर इतका केविलवाणा होता की मला राहवलं नाही! खानदेशी माणसाला कुणी अडचण सांगितली की तोंड बंद ठेवणं म्हणजे पाहुण्याला उपाशी पाठवणं.

"अहो, मग तुम्हीही बदलून घ्या की!" मी म्हणालो. त्यांना गाडीखाली वाकायला लावलं, स्प्रिंगा दाखवल्या, सलीमभाईंचा पत्ता दिला. वर मागच्या बंपरवर उभं राहून उड्या मारल्या. "बघा, हलतेय का?"

"नाही हलत," सर्वेयर म्हणाले, आणि त्यांनी पेन पुन्हा बाहेर काढलं.

पत्र आलं तेव्हा सुनंदा परतली होती. तिने ते मोठ्याने वाचलं: "निलंबन यंत्रणेत (मागील स्प्रिंगांमध्ये) विनापरवाना बदल, सबब दावा नामंजूर. सदर माहिती गाडीमालकाच्या पतीने स्वतःहून व प्रात्यक्षिकासह दिली."

मला रडू यायचं बाकी होतं. मग तिने पत्राची घडी घातली, एसटीचा पास शोधून पर्समध्ये टाकला आणि म्हणाली, "लग्नाला इतकी वर्षं झाली. मला कधी कुठली गोष्ट इतकी नीट समजावून सांगितली नाहीत हो तुम्ही!"