गणूभावजी झाले मेंदूतली पेशी

आमचे गणूभावजी, म्हणजे माझे धाकटे दीर, कुणाच्या दारावरून सरळ जाऊच शकत नाहीत. किन्हवलीच्या बाजारात मिरच्या आणायला धाडलं की घरोघरी चहा घेत येतात. पण मिरच्या आणतातच. माझ्या मितालीने त्यांनाच मेंदूतली पेशी करायचं ठरवलं, तेव्हा मी म्हटलं, झालं कल्याण!

खरी धास्ती मितालीचीच. पोरगी एमएस्सीला आहे. मागे कॉलेजात बोलायला उभी राहिली आणि तोंडातून शब्द फुटला नाही. सोमवारी पुन्हा बोलायचंय. म्हणून आधी गावच्या शाळेच्या मैदानात, आपल्या माणसांसमोर सराव.

विषय असा की, उंदराच्या मेंदूला इजा झाली तर नव्या चेतापेशी तिकडे निघतात आणि रक्तवाहिन्यांना धरून सरकत जातात. आम्ही लाल साड्या एकमेकींना गाठी मारून लांबच लांब रक्तवाहिनी केली. बायका ती धरून उभ्या राहिल्या. पलीकडच्या टोकाला घागर, ती दुखरी जागा. भावजींच्या डोळ्यांवर टॉवेल; साडी चाचपत घागर गाठायची.

मिताली माइक घेऊन उभी. गप्प! मी पदर चावू लागले.

भावजी मात्र निघाले. आधी हात पुढे, मग अंग. वाटेत शेजारच्या गीताबाईंच्या बांगड्या वाजल्या.

"कोण, गीताबाई? म्हशीचं काय झालं गो?"

"व्याली ना रे! खरवस ठेवलाय तुला. आता चहा घे, थर्मास आणलाय."

पेशी तिथेच फुर्र करत चहा पिऊ लागली.

"काका!" मिताली माइकमध्येच ओरडली. "पेशी चहा पीत नाय!"

"मग जगंल कशी गो ती?"

मैदान खदखदलं. आता मिताली माइक टाकून पळणार. संपलं, मला वाटलं. आणि ती एकदम हसत सुटली.

"अगं आई, काकांचं बरोबर आहे! रक्तवाहिनी नुसती वाट दाखवत नाही. पेशीला तगवणारी, पुढे नेणारी रसायनंही तिच्याकडून मिळतात. आणि पेशी सलग जातच नाही. थांबते, निघते, परत थांबते!"

मग काय! हातवारे काय, बायकांच्या प्रश्नांना उत्तरं काय, उंदरांच्या गमती काय! मी रडत होते की हसत होते, देव जाणे.

तेवढ्यात घागर खणकली. भावजी पोचले होते, पण बघतंय कोण?

"मिताली, टॉवेल सोडू का गो?"

"थांबा काका," पोरगी माइक न सोडता म्हणाली, "माझं अजून झालं नाय!"