आत्याबाईला कुठलं तेल?

धाकू मेस्त्री आमच्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला, तेव्हाच मला कळायला हवं होतं. हा माणूस चिंचपोकळीचा आपला कारखाना सोडून कधी कुणाच्या दारात जात नसे. गाड्याच त्याच्या दारात जायच्या. सहावीच्या मुलींना मी व्याकरण शिकवत होते. शिपाई बोलवायला आला आणि मी हातात खडू तसाच धरून जिना उतरले. विसूने पुन्हा कुठे गाडी बंद पाडली असणार, आज त्याला चांगला फैलावर घ्यायचा, असं मनाशी ठरवतच उतरले. मेस्त्रीचे हात कोपरापर्यंत काळे होते. ते पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं. "ताईनू," तो म्हणाला, "विसूभाऊ बसले ते उठूकच नाय..." आणि मी काय बोलले असेन? "विसू? बसला?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. माझा धाकटा भाऊ कुठे तरी बसला आहे, असं आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

जेवायला पाटावर बसला तरी त्याचा एक गुडघा सारखा हलायचा. भात कालवला की उठून खिडकीशी, आमटी वाढली की दाराशी. आई म्हणायची, "अरे, पायाला काय भिंगरी बांधून जन्माला आलास?" लहानपणी सांधेतापाने त्याचं हृदय अधू झालं ते कायमचं, आणि डॉक्टर दर वेळी सांगायचे की स्वस्थ बसा. म्हणजे बरोबर जे त्याला येत नव्हतं, तेच! फोर्टातल्या एका कचेरीत तो नकाशे काढायचा, तेही उभ्याने. आमच्या फणसवाडीत सगळ्यांना ठाऊक होतं, जिन्यावर धाडधाड पावलं वाजली की विसू आला आणि पुन्हा वाजली की गेला. मी त्याला रागवायचे, तो हसायचा. ही आमची बोलण्याची रीत. फक्त एका गोष्टीसाठी तो शांत बसायचा, ती म्हणजे गाडीचं जुनं तेल गळून जाईपर्यंत. इंजिन गरम असताना खालचा नट काढायचा, परात लावायची आणि उलट्या डब्यावर बसून ती काळी धार बघत राहायचं. धारेचे थेंब झाले तरी उठायचं नाही. "ताई, तेलाला घाई केलेली चालत नाही गं," म्हणायचा. माणसांना केलेली चालते वाटतं, असं मी विचारलं की पुन्हा हसायचा. त्याच डब्यावर तो गेला.

गाडीविषयी सांगायला हवं, नाही तर हे सगळं वाचणाऱ्याला वेडाचार वाटेल. आमच्या काकांनी लढाईच्या आधी एका मायदेशी निघालेल्या साहेबाकडून ती घेतली होती. दोघांपुरती जागा, लांबलचक नाक, वर छप्पर म्हणाल तर एक फाटकं कापड. एके काळी म्हणे ती शर्यती जिंकायची. काकांच्या मागे ती विसूकडे आली तोवर तिला म्हातारपण लागलं होतं. सकाळी सुरू करताना इतकी कण्हायची, खोकायची आणि शेवटी अशी फणकारून उठायची, की विसूने तिचं नाव ठेवलं आत्याबाई. आमच्या खऱ्या आत्याला हे कळलं तेव्हा ती दोन गणपतींना आमच्याकडे आली नाही.

आणि या आत्याबाईच्या पोटात कुठलं तेल घालावं, यावर आमच्या घरात जेवढा खल झाला तेवढा माझ्या लग्नावरसुद्धा झाला नसेल. (ते झालं नाही, ते सोडा.) धाकू मेस्त्रीचा ओढा नव्या तेलांकडे. बंद डब्यातून येतात, इंजिन आतून साबणासारखं धुऊन काढतात, असं तो सांगायचा. विसू म्हणायचा, "अरे बाबा, इतक्या वर्षांचा मळ तिच्या पोटात बसलाय, तो एकदम सुटला की नळ्यांत जाऊन अडकेल. मग तेल वर चढणार कसं? म्हातारीला एकदम न्हाऊ घालू नये." मग उरली दोन. एक साधं, जाडं, पन्नास नंबरचं. एकदा घातलं की पुढे कितीतरी दिवस निर्धास्त. जुन्या इंजिनातल्या सैल झालेल्या फटींना जाडं तेलच धरून राहतं. आणि दुसरं ते शर्यतीचं, एरंडापासून काढलेलं. गाडी कितीही तापली तरी ते पातळ होत नाही, बेरिंगला घट्ट चिकटून राहतं, आणि धुराला असा काही वास येतो की रस्त्यावरची माणसं वळून बघतात. विसूचा जीव त्या वासावर. पण त्याची खोड अशी, की गाडी फिरवून झाली की ते लगोलग काढायचं आणि इंजिन खोलून धुवायचं, नाही तर आत बसून त्याचा चिकट गोंद होतो. मेस्त्री त्याला हात लावायला तयार नसे. ते धुण्याचं काम विसू एकटा करायचा, रविवारभर, बाह्या वर करून.

ही दोन तेलं एका पंगतीला बसत नाहीत, हे आम्ही शिकलो ते आईच्या कृपेने. संयुक्त महाराष्ट्राचा लढा ऐन जोरात होता. सकाळपासून हरताळ, गिरगावात एक फळी उघडी नाही, आणि विसूने लालबागच्या सभेला कर्णा पोचवायचं कबूल केलेलं. निघताना बघतो तर तेल कमी. दुकान उघडायची वाट बघणं शक्य नव्हतं, म्हणजे विसूला शक्य नव्हतं. तो जिन्यात वरखाली करायला लागला. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "तूच सांगतोस ना, शर्यतीच्या गाड्या एरंडेल पितात? मग घे की घरातलं. आहे बाटलीभर." विसू खो खो हसला. मग हसायचा थांबला. मी म्हटलं, "विसू, खबरदार!" पण तो बाटली घेऊन खालीसुद्धा पोचला होता. ज्या बाटलीतला चमचा बघून आम्ही लहानपणी पलंगाखाली लपायचो, ती अख्खी बाटली त्याने आत्याबाईच्या पोटात, साध्या तेलावर ओतली.

मीही रागवत त्याच्या शेजारी बसून गेले. कर्णा पोचला. सभा झाली. परतताना लालबागच्या नाक्यावर आत्याबाईने एक उचकी दिली आणि बसली. सभेहून परतणारी गिरणीतली माणसं धावली. "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र..." असं एकजण ओरडायचा आणि "झालाच पाहिजे!" म्हणत सगळे मिळून ढकलायचे. अशी ती वरात चिंचपोकळीला पोचली. मी आत बसून सुकाणू धरलं होतं, आणि लाजेने मेले होते. धाकू मेस्त्रीने खालचं चेंबर उघडलं, बोट घातलं, आणि बोटाला आलेली तार बघून कपाळाला हात लावला. "काय घातल्यात हेच्यात? हेचो तर डिंक झालो!" विसूने खाली मान घालून सांगितलं, "आईने... एरंडेल." मेस्त्री इतका हसला की त्याला भिंतीला टेकावं लागलं. पण इंजिनाचा प्रत्येक तुकडा सुटा करून धुवायला त्या दोघांना पुढे कित्येक महिने लागले, आणि त्यानंतर कुणी त्या चिकट तेलाचं नाव काढलं की मेस्त्री कानावर हात ठेवायचा.

त्या दिवशी सुकाणू धरल्यावर मला गाडी चालवायची खोड लागली. विसू रविवारी भल्या सकाळी मला चौपाटीच्या रस्त्यावर न्यायचा. अडचण एकच. तो ताडमाड, मी बुटकी. माझे पाय क्लचपर्यंत पोचायचेच नाहीत. पाठीशी उशी घ्यायची, त्यावर आणखी एक उशी, तरी नुसता अंगठा टेकायचा. सीट नटांनी पक्की आवळलेली. "अरे, जरा पुढे घे ना ती," मी किती वेळा म्हटलं असेल! तो ऐकायचा नाही. "ती माझ्या मापाची आहे, ताई. तुझ्या मापाची केली तर गाडी तूच चालवणार, आणि मी काय करू? बाजूला बसून राहू? मला बसवत नाही." मी चिडून उतरायचे आणि केळेवाडीपर्यंत तरातरा चालत जायचे. तो आत्याबाई घेऊन माझ्या शेजारून हळूहळू येत राहायचा, "बस गं, बस, चुकलो," म्हणत. सीट मात्र त्याने कधी हलवली नाही.

मग मुंबईसह महाराष्ट्र होणार हे नक्की झालं, आणि विसूला दुसरं काही सुचेना. त्याने वाडीतल्या सगळ्यांना सांगून टाकलं होतं, की ज्या दिवशी राज्य येईल त्या दिवशी आत्याबाईला हार घालून गिरगावातून थेट लालबागच्या त्या नाक्यापर्यंत न्यायची. जिथे बसली तिथूनच ताठ मानेने पुढे काढायची. तेवढ्यासाठी त्याने दोन्ही डबे आणून ठेवले, पन्नास नंबर आणि ते शर्यतीचं. आज हे म्हणायचा, उद्या ते. "गर्दीत मुंगीच्या पावलाने जायचं, गाडी तापणार. एरंडेली घातलं तर घोर नाही. आणि ताई, वास! सगळ्या गिरगावाला कळेल." मी म्हटलं, "कळेल की, सगळ्या गावाला जुलाब दिल्यासारखं वाटेल." तेव्हा त्याला धाप लागायला लागली होती. आमचा जिना तो दोनदा थांबून चढायचा. मी बघायचे आणि बघितलं नाही असं दाखवायचे, कारण विचारलं असतं तर तो भडकला असता.

तो गेला त्या दुपारी जुनं तेल गळून गेलं होतं आणि नवं घातलं नव्हतं. दोन्ही डबे त्याच्याजवळ, दोन्ही बंद. पुढे मेस्त्रीने, बिचाऱ्याच्या हाताला दुसरं काही येत नव्हतं म्हणून, इंजिन आतून लख्ख धुऊन ठेवलं. आता कुठलंही एक घाला. पण कुठलं?

तुम्ही म्हणाल, बाई, भाऊ गेला आणि तेलाचं काय घेऊन बसलीस! खरं आहे. पण हे कित्येक आठवडे माझा जीव त्यातच अडकला आहे. तो शब्द देऊन गेला आणि गाडी त्या दिवशी निघाली नाही, तर मी वाडीत तोंड कसं दाखवू... नाही, वाडीचं राहू द्या. मला स्वतःला ते सोसवणार नाही. आणि निघाली, तर त्याला हवं तेच तेल तिच्यात असायला हवं. शर्यतीचं म्हणजे त्या एका दिवसाचं. एक दिवस धडाक्यात, मग इंजिन खोलून धुवायचं, आणि धुणारा तर गेला. पन्नास नंबर म्हणजे पुढच्या दिवसांचं. विसूने पुढचा दिवस कधी बघितला होता? मला रात्री झोप लागत नाही, वर्गात फळ्यासमोर उभी राहून मी वाक्य विसरते. आई विचारते, "काय गं, सारखी उठबस चाललीय?" तिला काय सांगू? विसूची भिंगरी माझ्या पायाला लागली आहे.

परवा मी कारखान्यात गेले. बाहेर चाळीला तोरणं बांधायचं काम चाललं होतं, पोरं शिडीवरून एकमेकांवर ओरडत होती. मेस्त्रीने दोन्ही डबे पुढ्यात ठेवले. "ताईनू, दिवस इलो. खंयचां ओतू? मी मधी पडूचंय नाय." मला एकदम संताप आला. मेस्त्रीचा, त्या डब्यांचा आणि सगळ्यात जास्त विसूचा. सांगून जायला काय झालं होतं तुला? एरवी दिवसभर तोंड चालायचं! मेस्त्रीसमोर रडायला नको म्हणून मी आत्याबाईचं दार उघडलं आणि सुकाणूमागे जाऊन बसले. सवयीने पाठीशी उशी चाचपली. उशी नव्हती. सवयीने पाय लांब केला, अंगठ्याने क्लच शोधायला.

अख्खं पाऊल टेकलं.

दुसरंही टेकलं. मी पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. मग म्हटलं, "मेस्त्री, सीट तू पुढे घेतलीस?"

"नाय वो. मी हात लावूक नाय." त्याने वाकून नटांकडे बघितलं. "त्या दिवशी विसूभाऊनीच पानो मागून घेतल्यांनी. तेल गळता तवसर कायतरी करीत होते आत बसान, मगे डब्यार येवन बसले. माका वाटला, नेहमीचीच खटपट."

म्हणजे त्या दुपारीही तो स्वस्थ बसला नव्हता. मी सुकाणूवर डोकं ठेवलं आणि रडले. मेस्त्रीसमोरच रडले, आणि तो पाठ फिरवून उगाच एक स्वच्छ फडकं पुन्हा झटकत राहिला.

"पन्नास नंबर," मी म्हटलं.

त्याने डबा फोडला. आतून ते जाडं तेल सावकाश उतरायला लागलं. ते संपलं तसा मेस्त्री हात पुसत म्हणाला, "मारूचा काय स्टार्टर?" मी म्हटलं, "थांब रे. तळापर्यंत जाऊ दे." त्याने मग तो उलटा डबा ओढून घेतला आणि त्यावर बसला. मी आत तशीच बसून राहिले, दोन्ही पाय टेकवून.