गौराक्काची कौलं

पावणं, ही गोष्ट मी आजपतोर कुणाला सांगितलेली न्हाय. बायकोला न्हाय, देवाला न्हाय — देवाला तर मुद्दामच न्हाय, त्यो ऐकून घेतो आन् ध्यानात ठेवतो.

आता तुमी म्हणशीला, ह्यो बाळू कोण? चंदगडाकडं आमच्या वाडीत या आन् कुणालाबी इचारा. आधी हसतील, मग सांगतील. सवताच्या लग्नाला उशिरा पोचलेला नवरा मीच. यस्टीत झोप लागली, बेळगावात जाग आली. दुसरीत दोनदा बसलो, तवा मास्तर म्हणालं, तिसऱ्यांदा बसलास तर मी बदली मागून घेतो. दारू पिऊन काजूच्या झाडावर चढलो आन् उतरता येईना, म्हणून सगळी वाडी गोळा केली, त्योबी मीच. ह्ये सगळं मी सवता सांगतो. दुसऱ्यानं सांगायच्या आधी आपणच सांगितलं की लोक हसत्यात, शिव्या देत न्हाईत. एवढी एकच अक्कल देवानं दिली मला.

पर ह्या गोष्टीत हसायला काय न्हाय. म्हंजी — हाय. हसली की माणसं. तीच तर गोष्ट हाय.

आमच्या वाडीत त्या टायमाला एकेक घर कुलपात जायला लागलेलं. कोण गोव्याला, कोण ममईला. कागलात एमायडीसी झाली, पंचतारांकित. आमाला वाटलं मोठं हाटेल हाय, पोरं तिथं वाढप्याचं काम करणार. तर न्हाय, कारखानं. पोरांबरोबर आया गेल्या, बापं गेली. घर सोडताना माणूस काय न्हेतो बघितलासा कधी? देव न्हेतो, भांडी न्हेतो, गाद्या न्हेतो. जातं ऱ्हातं, उखळ ऱ्हातं, भिताडाला टेकवलेला नांगर ऱ्हातो. शहरातल्या खोलीत नांगर ठेवायचा कुठं? आन् चावी ऱ्हाती शेजाऱ्याकडं.

माझ्याकडं गौराक्काची चावी हुती.

गौराक्का माझी सख्खी बहीण न्हवं. तिचं माहेर पार कर्नाटकाच्या हद्दीवर, मला 'तम्मा' म्हणायची. तम्मा म्हंजी कानडीत धाकटा भाऊ. शेजार आमचा, मधी एक कुंपण. तिचा नवरा शिवाप्पा, त्येला मी दाजी म्हणायचो. दोघांनी मिळून त्ये घर सवताच्या हातानं उभं केलतं. मंगळुरी कौलं बेळगावाकडनं आणली, पर ट्रक खालच्या वड्यापतोरच आला. तिथनं वर चढणीनं सगळी कौलं अक्कानं डोक्यावरनं आणली. चुंबळ घासून घासून टाळूवरचं केस गेलतं तिचं, त्ये पुन्ना आलं न्हाईत. दाजी लवकर वारलं. मग पोरगं मोठं झालं, बसू नाव त्येचं, कागलात कामाला लागलं, आन् त्येला भाकरी करून घालायला अक्का गेली.

जाताना चावी माझ्या हातात दिली. घरात जातं हुतं, भाताची कणगी हुती, दाजींचा बसायचा पाट हुता, खुंटीला दाजींचं घोंगडं हुतं. मी म्हटलं, अक्का, घोंगडं तरी ने की. तर म्हणाली, "कागलात पांघरून कुणाला दावू? मी परत आल्यावर हितंच लागंल." आन् म्हणाली, "तम्मा, सामानाला काय व्हत न्हाय. घराला धूर दे. सोमवारच्या सोमवारी चूल पेटव, वाईच इस्तू कर. घर धुरावर जगतंय."

खरंच हाय त्ये. आमच्याकडं पाऊस लागला की चार-चार म्हैनं उघडत न्हाय. रोज चूल पेटली तर धुरानं वासं काळं कुळकुळीत ऱ्हात्यात, त्येला ना वाळवी लागती, ना भुंगा. चूल थंडावली की घर आतनं कुजतं. ह्ये आमच्यातल्या शेंबड्या पोरालाबी म्हायती. मलाबी म्हायती हुतं. न्हवतं असं मी म्हणणार न्हाय.

पहिला पावसाळा मी धूर केला. सोमवारी जायचं, चूल पेटवायची, दाजींच्या पाटावर बसायचं. जात्याला म्हणायचं, काय म्हातारे, बरी हाईस न्हवं? मजा यायची. पर वली लाकडं पेटत न्हाईत, डोळं चुरचुरत्यात. एका सोमवारी नुसतीच बिडी वडली आन् कुलूप लावून आलो. मनाला म्हटलं, धूर त्यो धूरच की.

मग बिडी वडायलाबी जाईना झालो.

वाडीतल्या दुकानात फोन हुता. बाजाराच्या दिवशी अक्काचा फोन यायचा, दुकानदार हाळी मारायचा. तिचा पहिला सवाल एकच — "तम्मा, धूर देतोयस न्हवं?" आन् मी म्हणायचो, "अक्का, एवढा धूर, एवढा धूर, की खालच्या वाडीतली माणसं पाण्याच्या बारड्या घिऊन पळत आली." हसायची. त्वांडावर पदर धरून हसत असणार, तसा आवाज यायचा. मग सांगायची, तिथं पत्र्याची खोली हाय, उन्हाळ्यात पत्र्यावर भाकरी टाकली तर भाजंल. "बसूचं लगीन झालं की मी आले बघ. सुनंच्या हातात परात देती आन् माझ्या घरात येऊन पडती." दर फोनला ह्येच. ती त्या पत्र्याखाली कशाच्या जिवावर दिवस काढत हुती, मला ठावं हुतं की. मी त्यावर नवा इनोद करायचो.

आता तुमी म्हणशीला, बाळू, आळस केलास, एवढंच न्हवं? आळस काय, सगळीच करत्यात.

एवढंच सांगून थांबावं, असं मला लई येळा वाटलंय. आताबी वाटतंय.

दुसऱ्या वर्षी आषाढात वारं सुटलं. माझ्या गोठ्याच्या छपराचं एक पाखं उडालं, म्हस उघड्यावर भिजाय लागली. वाडीत कुणाकडं कौलं न्हवती. मी चावी घेतली आन् अक्काच्या घरात गेलो. का गेलो? — बघायला, असं मी मनाला सांगितलं. आत गेलो, वर बघितलं. घर कोरडं ठणठणीत. परड्याच्या बाजूला, न्हाणीवरची कौलं तर अशी नीटस बसलेली. शिडी लावली आन् काढली. जेवढी पाटीत मावली तेवढी काढली, मग पुन्ना पाटी घिऊन आलो. भोकावर खताचं पोतं घातलं, चार दगडं ठेवली. म्हटलं, पाऊस सरला की बेळगावातनं नवी आणून बसवू. दिवाळीला म्हटलं शिमग्याला आणू. शिमग्याला म्हटलं, आता पावसाच्या तोंडावरच आणू.

पोतं फाटलं. पाणी भिंतीत मुरलं. भिंत मातीची. मी तिकडं बघायचंच सोडलं. कुंपणाजवळनं जाताना मान दुसरीकडं, सासुरवाडीला भांडून आलेल्या जावयासारखी. आन् पुढच्या पावसाळ्यात अजून एक पाटी न्हेली. भोक पडलंच हाय, आता चार कौलं हिकडं-तिकडं झाली तर काय, असं म्हटलं मी. हे मी खरंच म्हटलं.

एक दिवस दुकानदार म्हणाला, "बाळ्या, अक्काची परड्याकडची कौलं कुठं गेली रं?" आन् माझ्या त्वांडातनं निघालं, "वानरं." इचार करून न्हाय, आपसूक. आमच्याकडं वानरं लई. कौलांवर नाचत्यात, फोडत्यात, कुणालाबी पटलं असतं. कुणी वर तोंड करून माझा गोठा बघितला न्हाय.

बाजाराच्या दिवशी मीच अक्काला आधी सांगून टाकलं — वानरांनी कौलं फोडली. ती म्हणाली, "मारुतीची लेकरं ती. शिव्या दिऊ नगंस. माझ्या नावानं त्येच्यापुढं एक नारळ फोड." फोडला. खोबरं मीच खाल्लं, बेस हुतं.

त्याच तिसऱ्या पावसाळ्यात एकदा आत गेलो. देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात वारूळ आलेलं आन् वारुळावर अळंबी फुटलेली, पांढरीशिप्पट. आमच्याकडं अळंबी म्हंजी मटणापरास भारी. उपटली, घरी आणली. बायकोला म्हटलं, रानातली. ती म्हणाली, औंदा लवकरच आली. भाजी चांगली झालती, मी दोनदा मागून घेतली.

बसूचं लगीन झालं. अक्का आली. उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, सकाळच्या यस्टीनं. डोक्यावर बोचकं, काखंत नवी केरसुणी. आपल्या घरात ऱ्हायाला येताना नवी केरसुणी आणायची, म्हणून. मला कळलं तसा मी काजूच्या बागंत जाऊन बसलो. बायकोनं हाका मारून मारून बोलावलं, तवा गेलो.

सगळी वाडी तिथं उभी. मागली भिंत बसलेली. माळा तुटून जात्यावर पडलेला. खुंटी हुती. घोंगडं न्हवतं, खुंटीखाली काळा चिखल हुता लोकरीचा. अक्का मधोमध उभी, केरसुणी अजून काखंतच. माझ्याकडं बघून म्हणाली, "तम्मा, धूर दिलास न्हवं?"

तवा सांगायचं. तवा सांगितलं असतं तर दोन शिव्या, एखादी केरसुणी पाठीत, आन् पाऊस लागायच्या आत माझ्याच गोठ्यावरनं कौलं उतरवून तिची एक खोली तरी झाकता आली असती. मागली भिंत गेलती, पुढचा सोपा उभा हुता की. ऱ्हायाला असती ती. ह्ये सगळं मला तिथं उभ्या-उभ्या सुचलं, नंतर न्हवं.

मी म्हटलं, "दिला की, अक्का. पर वानरांपुढं कुणाचं चालतंय?" आन् सगळी माझ्याकडं बघाय लागली. मग मला जे येतं त्ये मी केलं. वानर झालो. दोन हात भुईला टेकून ढांगा टाकत त्या ढिगाऱ्यावर चढलो, बूड खाजवलं, एक फुटकं कौल उचललं, हुंगलं, चावून बघितलं, थू करून टाकलं. माणसं हसली. पोरं तर लोळली. अक्कानं पदर त्वांडाला लावला. हसली का रडली, मला दिसलं न्हाय.

दिसलं. हसली. डोळं पुसत म्हणाली, "ह्यो हाय म्हणून. परक्याच्या घरापायी एवढं कोण करतंय?"

रातच्याला आमच्याकडंच जेवली. दुसऱ्या दिवशी तिनं उभा असलेला सोपा झाडून काढला, केरसुणी कोपऱ्यात उभी केली आन् बोचकं बांधलं. निघताना म्हणाली, "तम्मा, राहिलेली कौलं पडून फुटण्यापरास तू उतरवून घे. तुझ्या गोठ्याला व्हतील. धूर देऊन देऊन डोळं जाळून घेतलंस, तुझाच हक्क हाय."

मी नको म्हणालो न्हाय. एकदाबी न्हाय, म्हणायचं म्हणून सुदीक न्हाय. तिची यस्टी वळणावरनं खाली गेली, तवा मी दुकानदाराला इचारत हुतो, तुझी लांब शिडी मोकळी हाय का?

अक्का गेली ती पुढं कागलातच गेली. उन्हाळ्यात, पत्र्याखाली. मी मातीला गेलतो. बसूनं तिथल्या चार माणसांना सांगितलं, "ह्यो आमचा मामा. आमचं घर शेवटपतोर ह्येनंच राखलं." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं.

वाडीत अजून शिमग्याला पोरं म्हणत्यात, "बाळूकाका, वानर करा की." मी करतो. अक्काच्या घराचा आता नुसता चौथरा हाय, त्येच्यावर घाणेरी माजलीया. बायकोला कधी कळलं न्हाय, का कळून बोलली न्हाय, मी इचारलेलं न्हाय.

गोठ्याची दोन्ही पाखं अक्काच्या कौलांची हाईत. चोरलेली मागल्या बाजूला, दिलेली पुढं. सांच्याला डास लई व्हत्यात, म्हणून म्हशीपुढं मी रोज धूर करतो, चुकवत न्हाय. वासं काळं कुळकुळीत झाल्यात. एवढा पाऊस पडतो आमच्याकडं, पर गोठा गळत न्हाय.