कान माझा धरा

शिमग्यातल्या पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओसरीवर आम्ही सातजण बसलो होतो: पाच मानकरी, गुरव, आणि पालखीचा हिशेब माझ्याकडे म्हणून मी. दंड ठरला सव्वा रुपया. तो ज्याला झाला तो माझा शेजारी खाली उभा होता, आणि त्या दिवशी त्याने कान पुढे केला नाही.

एरवी तो करायचा. मुलाची तक्रार घेऊन कोणी दारात आले की होड्या दुरुस्त करणारा हा ताडमाड माणूस वाकायचा, मान तिरकी करायचा आणि म्हणायचा, "त्याचा नको. कान माजा धरा." बहुतेकांना हसू यायचे. एका म्हातारीने मात्र खरोखरच पिळला. तेव्हा हा म्हणाला, "काकी, दुसरा पन हाय."

मुलगा दहा वर्षांचा. बोलणे चार-पाच शब्दांचे. मनात आले की हात गेलाच. कोणाच्या देवापुढचा नैवेद्य खाल्ला, बंदरात बांधलेल्या मचव्याचा दोर सोडला, माझा तांब्या माझ्याच विहिरीत टाकला. आई तो लहान असतानाच वारलेली. असे मूल तुम्हीही पाहिले असेल, आणि त्याच्या बापाला सल्ले देणारेही. कोणी बाहेरची बाधा म्हणे, कोणी विळा तापवून पोटावर डाग द्यायला सांगे. सांगणाऱ्यांपैकी एकानेही त्या पोराला कधी अर्धा दिवस सांभाळले नव्हते.

बापाची रीत वेगळी. संध्याकाळी ओट्यावर बसून तो मुलाच्या तळहातावर फणसाचा गरा ठेवायचा. "दम धर." मग छाती फुगवून, मुलाला दिसतील असे सावकाश तीन श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "आता खा." फणस संपले की गुळाचा खडा. पहिले वर्ष सगळे गरे आधीच पोटात गेले. बाप तरीही रोज ओट्यावर बसला.

आमच्याकडे शिमग्यात मानकरी गुपचूप जमिनीत नारळ पुरतात, आणि पालखी खांद्यावर नाचवत तो शोधायचा असतो. देवच खांदेकऱ्यांना तिथे नेतो, अशी श्रद्धा. त्या वर्षी पुरताना पोराने पाहिले असावे. पालखी भलतीकडेच घुमत होती. बापाने मनगट धरले होते. एकाएकी पोर सुटले, नेमक्या जागी गेले, नखांनी माती उकरून नारळ काढला आणि हसत पालखीपुढे धरला. ढोल थांबले.

म्हणून ती बैठक. थोरले मानकरी म्हणाले, दंड भर, आणि पोराला वेड्यांच्या इस्पितळात घाल, नाहीतर तुझ्या दारात पालखी येणार नाही. दारात पालखी येणार म्हणून त्याने आदल्या दिवशीच अंगण सारवून ठेवले होते.

"तीन दम थांबला तो," शेजारी म्हणाला. "एवढ्या ढोलात. मी 'दम धर' म्हटलं नि तो थांबला. तिसऱ्या दमाला मीच हात सोडला. आज कान देनार नाय मी. पोरगंही देनार नाय."

माझे डोके फिरले होते. मी विचारले, याच शिमग्यात ताडी पिऊन एका खांदेकऱ्याने पालखी कलंडवली, त्याला दंड किती? तो थोरल्या मानकऱ्यांचा पुतण्या होता. मला सांगण्यात आले की तुम्ही हिशेबापुरते बोला. मी म्हटले, हिशेबाचेच बोलतो आहे. पण बाकीच्या चौघा मानकऱ्यांनी थोरल्यांच्याच बाजूने मान हलवली.

पालखी त्याचे दार टाळून गेली. दुसऱ्या दिवशी त्याने देवळाच्या अंगणात येऊन सव्वा रुपया गुरवाच्या हातात दिला. देवाचे ठेवायचे नाही, एवढेच म्हणाला. मग हत्यारांची पेटी एका हातात, पोर दुसऱ्या हातात, असा मचव्यात बसून बहिणीकडे गुहागरला गेला. पुढे तो इकडे आला नाही.

पुढच्या शिमग्याला देवळाच्या अंगणात पालखी खांदेकऱ्यांचे गुडघे थरथरेपर्यंत घुमली. नारळ सापडेना. थोरले मानकरी माझ्याशेजारी उभे होते. कपाळ पुसत हळूच म्हणाले, "ते पोर असतं, तर एव्हाना..."

"त्याचाच दंड घेतलात तुम्ही," मी सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो. "सव्वा रुपया. त्याच्या बापाने याच अंगणात गुरवाच्या हातात दिला."