मॅडमचं दोन रंगांचं वेळापत्रक

वैद्य मॅडमनी मला एकाच वेळी दोन ठिकाणी शिकायला उभं केलं. हे आधी सांगतो. कारण त्या गेल्याचं मला कळलं ते ज्यांनी त्यांना कधी धड बसायला जागा दिली नाही, त्यांच्याच मेसेजमधून. ‘विद्यार्थ्यांची माउली हरपली’, खाली पनवेलच्या आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांचं नाव. इथं गुजरातच्या बंदरावर क्रेनखाली उभं राहून ते वाचलं आणि रडू यायच्या आधी संताप आला. माउली? माउलीचं टेबल जिन्याखाली, झाडूंच्या शेजारी होतं, सर!

कॉलेजनं जाहिरात केली होती : सकाळी बारावी, दुपारी द्रोणागिरीत क्रेन दुरुस्तीचा कोर्स, प्रवेश दोन्हीकडे. पत्रकावर फोटो माझा. पण सकाळचं प्रॅक्टिकल आणि दुपारचा पहिला तास एकमेकांवर येतात, हे कुणी पाहिलंच नव्हतं. पाहिलं ते समुपदेशक म्हणून आलेल्या मॅडमनी. त्यांनी वेळापत्रक आखलं : कॉलेज लाल पेनानं, कोर्स हिरव्या पेनानं, मधे पेन्सिलीनं एसटी. “यात जेवायचं कधी?” मी विचारलं. “एसटीत. आणि वडापाव नाही, डबा.” आई चिरनेरहून त्यांना भेटायला आली. म्हणाली, “बाय, आमी कवा शाला बगली नाय. याला तुमीच बगा.” बघितलं त्यांनी. दर शनिवारी द्रोणागिरीला जाऊन माझ्या कोर्सच्या हजेरीवर शिक्का मारून आणायच्या, कॉलेजात चुकलेलं प्रॅक्टिकल गैरहजेरीत जाऊ नये म्हणून. वर्गशिक्षक टोमणा मारायचे, “एका पोरासाठी एवढी धावपळ? पुढच्या वर्षी विमान काढा!” मॅडम हसायच्या नाहीत. “आधी हजेरी मांडा, सर.”

मग त्या पंधरा दिवस हॉस्पिटलात होत्या. शिक्का आला नाही. ऑफिसात मला बोलावलं. “हजेरी भरत नाय तुझी. दाखला काढ, नायतर कोर्सपण जाईल.” कोर्स जाईल हे धडधडीत खोटं होतं. पण मी घाबरलो, कॉलेज सोडायचा अर्ज पुढे आला, सही करून बसलो... मॅडम परतल्या आणि आधी माझ्यावरच कडाडल्या, “गाढवा, मला एक फोन करायचास!” मग ऑफिसात भांडल्या. अर्ज काही परत मिळाला नाही. बारावी सुटली. कोर्स मात्र त्यांनी पुरा करून घेतला, त्यावरच आज माझी नोकरी आहे.

शोकसभेत म्हणे भलामोठा हार होता. घाला. जिवंतपणी एक खिडकी दिली असती तरी चाललं असतं. हे छापून आलं की कॉलेजचे ऑफिसवाले माझे उरलेले कागद अडवतील, ही धास्ती आहेच. सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, बारावीला बाहेरून बसतोय. तरी लिहिलं.

ते वेळापत्रक पाकिटात आहे, घडीवर फाटलेलं. हिरवे चौकोन पुरे झाले, लाल तेवढे उरलेत. मॅडम, ते भरतो. मग सुट्टी काढून पनवेलला येईन, त्या जिन्याखाली बसेन, दोन्हीकडे धावणाऱ्या पोरांची वेळापत्रकं आखून देईन. आणि प्रत्येकाच्या कागदावर माझा नंबर लिहीन... सही करायच्या आधी लावायला. तुमच्या ऋणाची फेड मी तशीच करीन.